ईशान्येचा बोर, वायव्येची टाकी

माणसाचं भाग्य दिशा ठरवतात. हे सत्य पुरातन आहे आणि ते नाकारण्याची माझी हिंमत नाही. पूर्वेला सूर्य उगवतो, उत्तरेला कुबेर बसतो, ईशान्येला देव राहतो आणि वायव्येला वारा. आमच्या गल्लीतल्या सात घरांचं भाग्य तर दिशांनी इतकं नेमकं ठरवलं, की दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात सातपैकी सहा घरांत कोणी ना कोणी पोट धरून बसलेलं होतं.

आज पुन्हा भाद्रपद आहे. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो. पाऊस पहाटेच पडून गेला होता. गल्ली जिथं संपते तिथून पुढं हळदीचं शेत आहे. वाऱ्याची एक झुळूक तिकडून आली आणि तिच्याबरोबर हळदीचं पान चुरल्यावर येतो तो वास आला. थोडा गोड, थोडा कापरासारखा. मी कप खाली ठेवला. या घरात राहायला येऊन बारा वर्षं झाली. शेत तेव्हाही होतं, हळद तेव्हाही होती, वारासुद्धा याच वाटेनं यायचा. पण भाद्रपदात हळदीच्या पानाला वास असतो ही बातमी मला आज कळली. बारा वर्षं मध्ये दुसरा वास उभा होता.

त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांच्याकडं सेप्टिक टँक आहे त्यांना गरज नाही, आणि ज्यांच्याकडं नाही त्यांचा चहा मी का बिघडवू? एवढंच सांगतो, की आम्हा गल्लीकरांनी त्या वासाला बारा वर्षं वेगवेगळी नावं दिली. उंदीर मेला असेल. पलीकडं कोणी शेणखत टाकलं असेल. पावसाळी हवाच तशी असते. पाहुणा नाक आक्रसून इकडंतिकडं बघायला लागला, की यजमान लगबगीनं उदबत्ती लावायचा. आमच्या गल्लीत भाद्रपदात उदबत्तीचा खप इतका असायचा, की बाहेरच्या माणसाला वस्ती मोठी भाविक वाटावी.

आमचं गाव तालुक्याचं. कळमनुरी आणि वसमत इथं लोक जे करतात तेच इथंही करतात: माल विकतात, पोरं शिकवतात, निवृत्त झाले की गावाबाहेर प्लॉट घेऊन घर बांधतात. मी कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांत राहिल्यामुळं माणूस शंकेखोर होतो असा समज आहे. मीही तो समज जपला होता. आमच्या गल्लीतली सातही घरं एकाच ठेकेदारानं बांधली. घरांची तोंडं उत्तरेला, समोर गल्ली. पाया घालायच्या आधी ठेकेदारानं वास्तूचे जाणकार गुरुजी आणले. रेशमी कुडता, हातात होकायंत्र. त्यांनी प्रत्येक प्लॉटवर उभं राहून डोळे मिटले आणि सांगितलं: पाणी ईशान्येला, संडासाची टाकी वायव्येला. म्हणजे घरासमोरच्या अंगणात उजव्या कोपऱ्यात बोर, डाव्या कोपऱ्यात टाकी.

मी मनातल्या मनात हसलो. हसलो आणि टाकी वायव्येला बांधली. माझी शंका ही वाचनालयात, पंख्याखाली वापरायची वस्तू होती. मंदा, म्हणजे माझी बायको, मला त्या वेळी म्हणाली होती, "तुमी त मानीत न्हाई ना हे सगळं?" मी म्हणालो, "मानत नाही, पण बिघडतं काय?"

काय बिघडतं हे समजायला मला दहा वर्षं लागली. कंपासपेटी असलेल्या पोराला दहा मिनिटं लागली असती. सात घरं एका ओळीत, भिंतीला भिंत. माझा वायव्य कोपरा जिथं संपतो तिथं पश्चिमेच्या शेजाऱ्याचा ईशान्य कोपरा सुरू होतो. म्हणजे माझी टाकी आणि शेजाऱ्याचा बोर यांच्यात एक कंपाउंडची भिंत आणि चार हात काळी माती. त्याची टाकी आणि त्याच्या शेजाऱ्याचा बोर यांच्यात तेवढंच अंतर. गल्लीचा उतारही पश्चिमेकडंच. सात घरांनी शास्त्राप्रमाणे हात धरून साखळी केली होती आणि त्या साखळीतून काय वाहत होतं हे कोणीच विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात आमची टाकी वर आली. आठ दिवस झड लागली होती. काळी माती उन्हाळ्यात भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगून गप्प बसते. एक थेंब पीत नाही. मंदानं पंचवीस पानांचं जेवण काढलं होतं. ती संडासाच्या दारात उभी राहून म्हणाली, "महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, त्या मी करीन. पाव्हण्यांचं काय करू ते तुमी सांगा."

टाकी उपसायची गाडी नांदेडकडून वारंगा फाट्यावरून यायची. हनीफभाई गाडी घेऊन आले. साठीचा माणूस, पांढरी दाढी, पायात गमबूट. त्यांनी विचारलं, "झाकण कहां है सर?" मी मंदाकडं पाहिलं, मंदानं माझ्याकडं. दिवाळीला अंगणात नवी फरशी टाकली होती. झाकण चांगलं दिसत नाही म्हणून फरशीखाली घेतलं होतं. कुठल्या फरशीखाली, ते मिस्त्रीला माहीत होतं आणि मिस्त्री पुण्याला गेला होता.

हनीफभाईंनी पहार घेतली आणि फरशी ठोकत, कान लावत अंगणभर फिरले. वैद्यानं छाती ठोकून बघावी तसं. "लोगां सोना गाडके भूल जाते, सुना था," ते म्हणाले. "ये भी भूल जाते, पैली बार देखा." शेवटी एका फरशीखाली पोकळ आवाज आला. फरशी फुटली, झाकण निघालं, पाईप आत गेला, गाडी भरली. हनीफभाई झाकणापाशी उकिडवे बसून आत बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. रिकाम्या टाकीच्या भिंतीतून, विटांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं.

"देखो सर. मैं निकालरा, जमीन भररी. चार दिन में फिर फुल."

"पावसाचं पाणी आत येतंय," मी जाणकाराच्या सुरात म्हणालो.

"जी. जिस रस्तेसे अंदर आरा ना, उसी रस्तेसे बाहर बी जारा हुईंगा."

हे वाक्य मी ऐकलं. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसानं ऐकलं आणि हनीफभाईंना चहा दिला.

पश्चिमेचे माझे शेजारी म्हणजे दत्तराव. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आवाज अजूनही इंजिनच्या वर चढवलेला. त्यांची रेणुका सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नागपंचमीला झोका बांधून द्या म्हणून तिनं हट्ट धरला आणि दत्तरावांनी झोका बांधला, पण बसू दिलं नाही. स्वतःच बसून दाखवला. श्रावणभर तिचा हसण्याचा आवाज भिंतीवरून यायचा. भाद्रपद लागला तसा तो कमी झाला. जेवण जात नाही, मळमळतंय, अंग गळून गेलंय. पोटुशी बाईला हे व्हायचंच असं सगळ्या बाया म्हणाल्या आणि तिला माठातलं गार पाणी द्या म्हणाल्या. तेच पाणी.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती आमच्याकडं आली. पूर्वेच्या शेजारीणबाईही आल्या. त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणते. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. घरात बुद्धमूर्ती, दारात सदाफुली, हातात कायम कोणाचं तरी सलाईन. सिस्टर हळदीकुंकू लावून घेत नाहीत, पण मंदाच्या हातची आंबील सोडत नाहीत. त्या वाटी घेऊन दारापाशी बसल्या होत्या. मंदा एकेकीला हळदकुंकू लावत पुढं सरकत होती. रेणुकाच्या कपाळाला हळद लागली, तिनं हसून वर पाहिलं, आणि सिस्टरनी वाटी खाली ठेवली.

"पोरी, उजेडात ये."

रेणुका दारात आली. सिस्टरनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. आमच्या भागात हळद इतकी, की पिवळ्या रंगाकडं कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. हात पिवळे, पोती पिवळी, बाजाराचा रस्ता पिवळा. पण डोळ्यातलं पांढरं पिवळं झालं, तर ते हळदीनं होत नाही.

"लघवी कशी व्हायली?" सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं. रेणुका लाजली. "सांग."

"चहावानी."

दत्तरावांना बोलावलं. ते म्हणाले, "कावीळच ना? मग काहून घाबरवता पोरीला? आमच्या मामाच्या गावात माळ घालतात. माळ गळ्यातून पायापोत उतरली की कावीळ उतरली. माझी उतरली होती."

"तुमची उतरली, दत्तराव," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या पोटात लेकरू नव्हतं."

दत्तरावांचा आवाज मी पहिल्यांदा इंजिनच्या खाली गेलेला ऐकला. "म्हंजे?"

"म्हंजे आज, आत्ता, नांदेड. माळ घालायची त गाडीत घाला. दोन्ही जीव जाऊ शकतात यात. मी पाहिलेत जाताना."

पंधरा मिनिटांत ते निघाले. गाडी दत्तरावांनीच चालवली. मंदा मागं रेणुकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नंतर तिनं सांगितलं, की वारंगा फाट्यापर्यंत दत्तरावांनी एकाही खड्ड्यात चाक घातलं नाही. त्या रस्त्यावर हे जमवणारा माणूस तीस वर्षं प्रवाशांना का आदळत होता, हा प्रश्न तिला तेव्हाही पडला म्हणे. घाबरलेल्या माणसाला असले प्रश्न पडतात.

त्या संध्याकाळी घरात महालक्ष्म्या उभ्या, पंचवीस पानांचं उष्टं पडलेलं आणि मी एकटा. सिस्टरनी भिंतीवरून हाक मारली.

"सर, एक सांगा. या गल्लीतली सगळी घरं इंजेक्शनला माझ्याकडं येतात. टायफॉईड झाला, या सिस्टर. जुलाब, या सिस्टर. पारसाल दत्तरावच्या पलीकडच्या तलाठ्याच्या पोराला कावीळ झाली होती. सहा घरं आजारी पडतात. सातवं माझं. मला काहून न्हाई होत?"

"तुम्ही पाणी उकळून पीत असाल."

"मी? मला चहाला पाणी उकळायला सवड न्हाई." त्यांनी भिंतीवरून हात बाहेर काढला आणि खाली बोट दाखवलं. "ही माझी टाकी. हा तुमचा बोर. ती तुमची टाकी, तो दत्तरावचा बोर. माझ्या बोराच्या उगवतीला काय हाय?"

मी पाहिलं. त्यांच्या बोराच्या पूर्वेला काहीच नव्हतं. रस्ता होता.

सिस्टरचा गुरुजींवर विश्वास नव्हता. ठेकेदारानं सवयीनं त्यांचीही टाकी वायव्येलाच बांधली होती. त्यांचं नशीब एवढंच, की त्यांचं घर ओळीत पहिलं होतं.

माणूस शेजाऱ्याबद्दल किती माहिती ठेवतो! दत्तराव कितीला उठतात, कुठली मालिका बघतात, भाजीत तेल किती घालतात, जावयाशी फोनवर कसे बोलतात, हे सगळं मला ठाऊक होतं. मी त्यांना रोज काय देतो, हे ठाऊक नव्हतं. सणाला पुरणपोळीचं ताट भिंतीवरून देताना आम्ही दोघं किती कृतकृत्य व्हायचो.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती, जी मला माहीत होती आणि सिस्टरना नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी गावात भुयारी गटाराची लाईन आली होती. मोजणीचे लोक आमच्या गल्लीतही आले होते. गल्लीनं विरोध केला. नवे पेव्हर ब्लॉक फुटतील हे खरं कारण. पण ते कागदावर बरं दिसत नव्हतं. गुरुजी म्हणाले, घरांच्या ईशान्येसमोरून घाण पाणी जाणं अशुभ. सगळे म्हणाले, सर, तुमी लिहा, तुमची भाषा चांगली हाय. मी लिहिलं. "ईशान्य हे ईशाचे स्थान असून तेथून मलवाहिनी नेणे हे नागरिकांच्या श्रद्धेस व शांततेस बाधक ठरेल." मला स्वतःला ते पटत नव्हतं. पण 'मलवाहिनी' हा शब्द सुचल्यावर मला झालेला आनंद खरा होता. सिस्टर त्या महिन्यात लेकीकडं होत्या. त्यांची सही नव्हती. बाकी सहा सह्या होत्या. लाईन आमची गल्ली सोडून पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी दत्तराव कपडे न्यायला घरी आले. दाढी वाढलेली. रेणुका दाखल होती. डॉक्टर म्हणाले होते, पुढचे काही दिवस महत्त्वाचे. मी त्यांना भिंतीपाशी बोलावलं. एरवी अवघड गोष्ट सांगायची तर मी प्रस्तावना करतो. त्या दिवशी जमली नाही.

"दत्तराव, आमची टाकी तुमच्या बोरात उतरते. रेणुकाला त्याच पाण्यानं झालंय. आणि गटाराची लाईन नको म्हणून ते पत्र मी लिहिलं होतं."

ते भिंतीकडं बघत राहिले. मग माझ्या अंगणातल्या फुटक्या फरशीकडं. मला वाटलं, आता हात उचलतील, आणि उचलला तर मी बाजूला व्हायचं नाही, असं मी ठरवलं. ते म्हणाले, "पत्रावर माझी सही हाय की."

मग वळून त्यांच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथल्या भिंतीवरून पलीकडं डोकावले. पलीकडं तलाठ्याचा बोर होता.

"आनं माझी टाकी तलाठ्याच्या पोरात उतरली," ते म्हणाले. बोरात म्हणायचं होतं त्यांना. मी दुरुस्ती केली नाही.

कपड्यांची पिशवी ओट्यावर ठेवून ते तलाठ्याच्या दारात गेले. संध्याकाळपर्यंत निरोप घरोघर पश्चिमेकडं सरकत गेला, हळदीकुंकवाचं बोलावणं जावं तसा. प्रत्येक घरात तेच दृश्य: माणूस आधी पूर्वेच्या भिंतीवरून संतापानं बघायचा, मग हळूहळू पश्चिमेच्या भिंतीकडं वळायचा आणि चपला घालून पुढच्या दारात निघायचा.

कोणीतरी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, तुमच्या घरात दोष नाही, दोष शेजारच्या घरात आहे. तसं ते बरोबरच होतं. त्यांनी सहाही घरांना तेच सांगितलं.

सिस्टरनी तपासणीचं औषध घातलेल्या सात बाटल्यांत सात बोरांचं पाणी भरून तपासायला दिलं. खराब पाण्याची बाटली काळी पडते, एवढं मलाही कळलं. सहा काळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली सहा घरं सिस्टरच्या दारात हंडे घेऊन उभी राहायला लागली. यातल्या दोन-तीन घरांत दहा वर्षांत सिस्टर इंजेक्शन द्यायला आत गेल्या होत्या, पण चहाला कप वेगळा निघायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, सिस्टरनाही. मी हंडा घेऊन रांगेत उभा होतो आणि मला पाण्याच्या इतिहासातली बरीच पानं आठवत होती. कोणी कोणाला कुठल्या पाण्याला हात लावू दिला नव्हता, ती. सिस्टर नळीचं तोंड धरून उभ्या होत्या. त्यांनाही आठवत असावीत. फक्त एकदा म्हणाल्या, "रांग धरा. पाईप ओढू नका. पाणी सगळ्यांना भेटल."

मग मी दुसरं पत्र लिहिलं. नगरपालिकेतल्या लिपिकानं ते वाचलं, कपाटातून एक फाईल काढली, पहिलं पत्र शेजारी ठेवलं आणि चष्मा वर केला.

"सर, दोन्ही अक्षरं एकच दिसतात."

"एकच आहेत."

"कोणतं खरं धरू?"

"दुसरं."

त्यानं दोन्ही पुन्हा वाचली. "पहिलं जास्त चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

बरोबर होतं. दुसऱ्यात एकही विशेषण नव्हतं. सात बाटल्यांचा कागद जोडला होता आणि या वेळी सह्या सात होत्या. सिस्टरची पहिली.

आश्विनाचे ते दिवस मला एकाच आवाजात आठवतात: दत्तरावांच्या घरात वाजणारा फोन. ते आणि मंदा नांदेडला रेणुकापाशी असायचे, त्यांच्या घरी तेव्हा कोणी नसायचं. म्हातारी आई होती, तिला ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात नंबर तोच दिला होता, म्हणून फोन वाजला की मी भिंतीवरून चढून जायचो. या वयात भिंत चढणं शोभत नाही, पण दारानं गेलो तर फोन बंद पडायचा. एकदा मोबाईलच्या कंपनीचा होता. एकदा जावयाचा, तो नुसता रडला. मी आणि सिस्टर ओट्यावर बसायचो. त्या मला काय काय होऊ शकतं ते सांगायच्या नाहीत, आणि मी विचारायचो नाही. नववा महिना भरायच्या आधीच, एका दुपारी, फोन वाजला. मंदा होती.

"मुलगी झाली. बारीक हाय. पण रडली."

"रेणुका?"

मंदा तिकडं कोणाला तरी 'आले' म्हणाली. मला त्या क्षणाची लांबी अजून मोजता आलेली नाही.

"तिच्या डोळ्यातलं पिवळं उतरून पांढरं व्हायलंय," ती म्हणाली.

परतताना मी भिंतीवर बसूनच सिस्टरना सांगितलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि नळी सोडून माझा रिकामा हंडा भरायला लागल्या. रांगेची वेळ नव्हती. हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पाणी वाया घालवताना मी त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं.

गटाराची लाईन यायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. सरकारी कामाच्या मानानं हे बाळंतपण वेळेआधीच झालं म्हणायचं. यंदाच्या उन्हाळ्यात गल्ली खोदली. पेव्हर ब्लॉक फुटले. त्यांच्याकडं कोणी पाहिलं नाही. घरांची चेंबरं ईशान्य कोपऱ्यात आली, कारण वायव्येला जुन्या टाक्या होत्या आणि तिथं खोदलं तर भिंती खचतील असं इंजिनिअर म्हणाला. गल्लीत कोणी हूं की चूं केलं नाही. हनीफभाई टाक्या शेवटचं उपसायला आले. मग त्यांत मुरूम भरला. "हमारा धंदा गया, सर," ते म्हणाले आणि हसले. तसा धंदा गेलेला नाही. फाट्यापलीकडच्या वस्त्यांत अजून टाक्या आहेत आणि काळी माती सगळीकडं आहे. आमच्या गल्लीपुरता वास गेला, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

उद्घाटन झालं. पाणी जातं पश्चिमेला. पण गाड्या लावायला जागा पूर्वेला होती, म्हणून उद्घाटन पूर्वेला, सिस्टरच्या घरासमोरच्या चेंबरवर झालं. मांडव, सतरंजी, फेटे. पाहुण्यांनी भगीरथाचा दाखला दिला. गंगा स्वर्गातून उतरली आणि आमच्या गल्लीत काय उतरलं, यांतलं साम्य त्यांनी बराच वेळ सांगितलं. झाकणावर हळदकुंकू वाहून नारळ फोडला. टाळ्या थांबल्यावर पाहुण्यांनी इंजिनिअरला हळूच विचारलं, "यातलं पाणी जातं कुठं?" इंजिनिअर म्हणाला, "खाली, साहेब." भिंतीत पाटी बसवली. तिच्यावर बरीच नावं आहेत. सिस्टरचं नाही. त्या म्हणतात, बरं झालं, पाटी रोज पुसावी लागली असती.

यंदाच्या महालक्ष्म्या काल उठल्या. रेणुका सासरचा सण उरकून आज सकाळी माहेरी आली. तिची लेक आता दोन वर्षांची होईल. काळीसावळी, काटक, आवाज आजोबांचा. माझा चहा संपेपर्यंत ती गल्लीत चपला न घालता उतरली होती आणि सिस्टरच्या घराकडं पळत होती, कारण तिथं बिस्किट मिळतं. मागून दत्तराव. "थांब की गं, लेकरा. काहून पळून राहिली?" सिस्टर दारात उभ्या. रेणुका ओट्यावर, तिचे डोळे पांढरेशुभ्र. मंदा तिला आंबील घेऊन निघालेली.

पोरगी चेंबरच्या झाकणावर जाऊन थांबली. त्यावर उद्घाटनाच्या हळदकुंकवाचा डाग अजून आहे. तिनं आम्हा सगळ्यांकडं एकदा गंभीरपणे पाहिलं, फ्रॉक वर केला आणि उकिडवी बसली. कोणी तिला हटकलं नाही. कोपरा ईशान्येचा होता. पाणी पश्चिमेला गेलं. आमच्या गल्लीचा उतार तिकडं आहे.